विषाचा उतारा, आजाराची गोळी

१९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा आमच्या फलटणातही त्यांच्यासाठी दुवा मागितली गेली. १९८४ साली त्यांना 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' झाल्याची बातमी आली. हे नाव मात्र कुणाच्या जिभेवर बसेना.

नस आणि स्नायू जिथे भेटतात, तिथेच शरीराची प्रतिद्रव्ये हल्ला करतात. मेंदूचा निरोप निघतो, स्नायूपर्यंत पुरता पोचत नाही. सकाळी उघडी असलेली पापणी संध्याकाळी पडते, जेवता जेवता जबडा थकतो. विसाव्याने बरे वाटते, म्हणून घरचे म्हणतात, 'सोंग करते!' आजारापेक्षा हा शब्द जास्त लागत असावा.

बराच वेळ बोलल्यावर वाचा बंद होणाऱ्या एका बाईची नोंद थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७२ सालीच केली होती. गुणकारी औषध सापडायला १९३४ साल उजाडले. लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये गरिबांच्या रुग्णालयात मेरी वॉकर काम करीत. कुणी बड्या प्राध्यापक नव्हेत. ही दुर्बलता कुरारे विषाच्या बाधेसारखी दिसते, तर त्या विषाचा उतारा देऊन का पाहू नये? त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचले आणि पडलेली पापणी काही तासांपुरती वर आली.

त्याच कुळातली पायरिडोस्टिग्मिनची गोळी आजही चालते. ती वेळच्या वेळी हवी. रमजानात आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, ती घ्यावी. जेंटामायसिनसारखी काही औषधे बाधतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे. गिळता येईना किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर सकाळची वाट न बघता कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे.