सुरम्याचा शब्द आणि काजूचा बोंडू

दारूचे संग्रहालय पाहून आलो, असे मशिदीबाहेर सांगितले तेव्हा आमच्या कणकवलीतल्या एका बुजुर्गांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "नुसते पाहूनच आलास ना?" सगळे हसले. मीही हसलो. पण मी गेलो होतो ते एका घरगुती भांडणापायी. धाकट्या भावाला यंदा बागेतले काजूचे बोंडू गोव्याच्या भट्टीवाल्याला विकायचे होते.

गोव्यात कांदोळीला नंदन कुडचडकर यांनी 2021 साली हे संग्रहालय उघडले. नाव 'ऑल अबाउट अल्कोहोल'. काचेचे पोटाळे गाराफाव, मातीची भांडी, मापे, जुने पेले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला आणि त्याच्या बोंडूपासून गोव्याने फेणी केली. बोंडू तुडवून निघालेला रस आंबवायचा, भाणात उकळायचा, वाफ थंड करायची. पहिली धार ती हुर्राक. ती पुन्हा गाळली की फेणी. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मी मात्र शब्दांपाशीच अडकलो. हुर्राक म्हणजे आपला अरबी 'अरक', मूळ अर्थ घाम. भांड्याला सुटलेल्या घामासारखे थेंब पडतात, म्हणून अरक. आणि दारावरच्या पाटीवरचा 'अल्कोहोल'? तो 'अल-कुह्ल', म्हणजे सुरमा! बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचे सत्त्व, आणि पुढे युरोपात दारूचे सत्त्व, असा या शब्दाचा प्रवास झाला. नवव्या शतकात अल-किंदीने ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला तो अत्तरांसाठी. ज्या विद्येने गुलाबपाणी दिले, तिनेच पुढे फेणीही दिली. हे लपवण्यात काय हशील? आपल्या मुलांना ते ठाऊक असावे, असे मला वाटते.

या धंद्यात सरकारेही मागे नव्हती. 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला, आणि त्याच वर्षी इंग्रज-पोर्तुगीज करार होऊन गोव्यातही इंग्रजी अबकारीची पद्धत शिरली. कोकणातल्या माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांवर कराचा बोजा पडला. 1949 साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. गोव्याची दारू स्वस्त, त्यामुळे इन्सुलीच्या नाक्यावर आजही गाड्या तपासतात. परतताना आमचीही डिकी उघडली. आत पाव आणि नमाजची चटई. शिपाई बिचारा ओशाळला.

आता भांडणाचे. आमचे दादा काजूबिया विकत, बोंडू गुरांना घालत. उरलेले बागेतच कुजत. वैशाखात तो आंबूस वास थेट पडवीपर्यंत येई. दारू पिणाऱ्याइतकाच तिच्यासाठी रस गाळणारा आणि ती वाहून नेणाराही गुन्हेगार, ही हदीस त्यांना पाठ होती. भाऊ म्हणतो, "भाईजान, मी फळ विकतो, दारू नाही. दोडामार्गाकडचे सगळे विकतात." त्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे, हे मला माहीत आहे. दादांवर कर्ज नव्हते, हेही खरे.

तरी संग्रहालयातली ती मापे पाहिल्यापासून मला दादांचीच बाजू पटते. धारेआधी रस आणि रसाआधी फळ. त्या साखळीत बागवाला पहिलाच. मी भावाला वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र सुचवले. कृषी विद्यापीठ बोंडूचे सरबत करायला शिकवते.

"करतो," तो म्हणाला, "पण साखरेचे पैसे तुम्ही द्यायचे."

पहिले पोते मी कालच आणून टाकले.