वर्दीची वहिवाट

भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवर वसलेल्या वडगाव रासाईच्या परिसरातून गळिताच्या हंगामात उसाने भरलेले वाहन साखर कारखान्याच्या काट्यावर जाऊन उभे राहते, तेव्हा वजन दाखविणाऱ्या यंत्राकडून खोलीतल्या संगणकाकडे गेलेल्या एका साध्या तारेतून त्या वजनाचे अंक एकामागून एक, रांगेने, धावत जातात. आणि ज्या पावतीवर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब ठरावयाचा, ती पावती त्या अंकांतला प्रत्येक अंक वेळेवर उचलला गेला की नाही यावर अवलंबून असते. या तारेच्या मुखाला सिरियल पोर्ट म्हणतात. तिच्यातून येणारे अक्षर उचलून घेण्याची विद्या नवी दिसत असली, तरी तिच्या मुळाशी असलेली वहिवाट आपल्या गावगाड्याइतकी जुनी आहे.

दाराशी कोणी आले आहे काय, हे जाणण्याचे मार्ग दोनच. एक तर घरधन्याने हातचे काम टाकून घटकेघटकेला दारापर्यंत जाऊन पाहावे, किंवा दारावर कोणी बसवून, पाहुणा येताच त्याने आत वर्दी द्यावी अशी तजवीज करावी. पहिल्या मार्गाने धन्याचे काम बुडते. दुसऱ्या मार्गाने धनी निश्चिंतपणे आपले काम करतो आणि वर्दी येताच क्षणभर ते बाजूला ठेवतो. संगणकशास्त्रात या वर्दीला इंटरप्ट म्हणतात. त्यासाठी ‘व्यत्यय’ हा संस्कृत प्रतिशब्द रूढ असला, तरी त्यात केवळ अडथळ्याचा भाव आहे. ‘वर्दी’ या शब्दात कर्तव्याचा भाव आहे.

जुन्या गावगाड्यात हे कर्तव्य वेसकराकडे होते. परगावचा मनुष्य वेशीत आला की पाटलास वर्दी देणे, सरकारी टपाल पुढच्या गावास पोहोचविणे, रात्रीअपरात्री हाक येताच उठणे, ही कामे महार वतनदारांनी पिढ्यान्पिढ्या केली. आणि चोवीस तास जागे राहण्याच्या या चाकरीचा मोबदला मात्र तुटपुंजा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या अन्यायाविरुद्धच होते. ती कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हावयास 1958 साल उजाडावे लागले. अखंड जागे राहण्याचा भार माणसावरून उतरून यंत्रावर गेला, ही इष्ट गोष्टच झाली.

नदीपलीकडे, दौंडात, तोच भार लोखंडी रुळांबरोबर आला. 1858 साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत पोहोचला आणि 1878 मध्ये मनमाडचा फाटा निघून दौंड हे जंक्शन झाले. पुढे ब्लॉक यंत्रे आली, तेव्हा स्टेशनमास्तर तिकिटांचा हिशेब करीत असो वा मालाची नोंद घेत असो, शेजारच्या स्टेशनावरून घंटेचे ठरावीक ठोके पडताच त्याने हातचे काम थांबवावे, तेच ठोके परत देऊन वर्दी पोहोचल्याची ग्वाही द्यावी, नोंदवहीत वेळ लिहावी आणि मग पूर्वीच्या कामाकडे वळावे, असा दंडक पडला. थांबणे, पोच देणे, नोंद करणे व परतणे या चार पायऱ्यांत आजच्या इंटरप्ट हाताळणीचा संपूर्ण सांगाडा आहे.

हिंदुस्थानात 1855 साली जनतेसाठी खुल्या झालेल्या तारखात्याचे ऋणही असेच मोठे आहे. एकाच तारेतून खुणांमागून खुणा पाठविणे हाच सिरियल पद्धतीचा प्राण; पुढे टेलिप्रिंटरने प्रत्येक अक्षरापूर्वी आरंभाची व अक्षरानंतर विरामाची खूण पाठविण्याची रीत पाडली, आणि ती रीत सिरियल पोर्टात आजही अबाधित आहे. युनिक्स व लिनक्स या प्रणालींत अशा जोडण्यांना ‘टीटीवाय’ हे नाव आहे, ते टेलिटाइप यंत्राचेच स्मारक होय.

बाहेरच्या उपकरणाने चालू गणिताला थांबवावे, ही सोय 1954 च्या सुमारास अमेरिकेतील डायसियाक या संगणकात आली. पुढे हॉलंडमध्ये एलेक्ट्रॉलॉजिका एक्स-1 या यंत्रासाठी वर्दी हाताळणारा कार्यक्रम लिहिण्याचे काम एड्सगर डाइक्स्ट्रा या तरुणाकडे आले, तेव्हा वर्दी नेमकी कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसल्याने घडलेली चूक पुन्हा घडवून तपासता येणार नाही, या विचाराने तो धास्तावला होता. आणि केवळ तपासून नव्हे, तर तर्काने सिद्ध करून कार्यक्रम लिहावा या त्याच्या आग्रहाला त्या भीतीने बळ दिले.

1981 च्या आयबीएम पीसीबरोबर ही विद्या सामान्यांच्या टेबलावर आली. त्याच्या सिरियल पोर्टातील 8250 या चिपेपाशी आलेले अक्षर ठेवावयास एकच जागा होती. सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाने, आरंभविरामासह दहा बिटांचे एक अक्षर धरल्यास, दर सुमारे एक मिलिसेकंदाला नवे अक्षर येते. तेवढ्या अवधीत आधीचे उचलले नाही तर नवे त्याच्यावर येऊन पडते आणि जुने कायमचे नष्ट होते. 115200 च्या वेगात तर ही मुदत 87 मायक्रोसेकंदांवर येते. म्हणून 16550ए या सुधारलेल्या चिपेत सोळा अक्षरांचे कोठार दिले गेले, आणि चौदा अक्षरे साठताच वर्दी द्यावी, म्हणजे उरलेल्या दोन जागा भरेपर्यंत प्रोसेसरला सवड मिळेल, अशी तजवीज करता येऊ लागली.

वर्दी आल्यावर ड्रायव्हरने, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या कार्यक्रमाने, प्रथम चिपेला कारण विचारावयाचे असते: संक्रमणात दोष झाला, अक्षर आले, पाठविण्याची जागा रिकामी झाली, की पलीकडच्या उपकरणाची अवस्था बदलली. चिपेचा अग्रक्रमही हाच आहे. येथे एक बारकावा जिवावर बेतणारा आहे. जुन्या पीसीत वर्दीची तार खालून वर चढते त्या क्षणीच प्रोसेसरला हाक पोहोचते. म्हणून एक कारण निवारून, दुसरे शिल्लक असतानाच ड्रायव्हर परतला, तर तार वरच राहते, पुन्हा चढण्याचा प्रसंगच येत नाही आणि पोर्ट बहिरे होते. सबब, ‘आता काही उरले नाही’ असे चिप सांगेपर्यंत विचारीत राहणे, हा अनुभवाने शिकविलेला नियम होय. उचललेली अक्षरे रहाटगाडग्यासारख्या फिरत्या कोठारात टाकावयाची: एका बाजूने गाडगी भरत जातात, दुसऱ्या बाजूने रिती होत जातात. त्या अक्षरांचा अर्थ लावण्याचे काम मात्र मागाहून, निवांतपणे करावयाचे. लिनक्सने या दोन भागांना ‘टॉप हाफ’ व ‘बॉटम हाफ’ अशी नावे दिली.

या कथेत पुण्याचाही मानाचा वाटा आहे. 1988 साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली येथे सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये तिचा परम 8000 हा महासंगणक सिद्ध झाला. त्याचा प्रोसेसर होता ट्रान्सप्युटर, ज्याच्या प्रत्येक चिपेला शेजाऱ्यांशी बोलावयास चार सिरियल दुवे होते. निरोपाची वाट पाहणारे काम बाजूला निजवावे आणि निरोप पूर्ण होताच जागे करावे, ही व्यवस्था त्या चिपेच्या अंगातच होती. महासंगणकाची शक्तीसुद्धा अखेर वर्दीच्या शिस्तीवरच उभी होती.

आज शिरूर-दौंडच्या गावोगावची मुले अभियांत्रिकी शिकतात, आणि त्यांतील काहींच्या हाती उद्या काट्याचा किंवा दूध संकलन केंद्राचा असाच एखादा ड्रायव्हर येईल. त्यांना माझी विनंती एवढीच, की वर्दी घेताना विचार करीत बसू नका; पोच द्या, नोंद करा, एकही कारण मागे ठेवू नका आणि तत्काळ परता. काट्यावरून निघालेला एक अंक वाटेत गळाला आणि ते कोणाच्या ध्यानी आले नाही, तर तो तोटा यंत्राचा नसतो, ऊस पिकविणाऱ्याचा असतो.