छायाचित्रांची आयात (डिजिटल कॅमेरा)

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरील छायाचित्रे संगणकावर उतरवून संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखल करण्याची क्रिया. स्टुडिओच्या बोलीत तिला ‘इम्पोर्ट करणे’ किंवा नुसते ‘डेटा घेणे’ म्हणतात. तिच्यात दोन वेगळी कामे असतात : फाइलींची प्रत करणे आणि त्या प्रतींची नोंद ठेवणे. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे ही दोन कामे एकच समजल्यामुळे होतात.

अ‍ॅपलच्या क्विकटेक १०० (१९९४) या कॅमेऱ्यात ६४० × ४८० बिंदूंची आठच छायाचित्रे मावत. ती पाहायला कॅमेऱ्यावर पडदा नव्हता. फोटो कसा आला हे तार जोडून मॅकवर उतरवल्यावरच कळे. सोनीने १९९७ मध्ये आणलेल्या मॅव्हिकात थेट फ्लॉपी बसे. ती काढून संगणकात घातली की आयात संपली. इतकी सोय पुढे कार्डांच्या काळातही मिळाली नाही, मात्र त्या फ्लॉपीची क्षमता होती १.४४ मेगाबाइट.

आज कोणत्याही कंपनीचे कार्ड कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येते, याचे श्रेय जपानमधील जेइडा या संस्थेने १९९८ मध्ये ठरवलेल्या ‘डीसीएफ’ या नियमाला जाते. त्यानुसार कार्डात ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर असते, त्यात १०० ते ९९९ यांपैकी एखाद्या क्रमांकाने सुरू होणारी फोल्डरे आणि त्यांत चार अक्षरे व चार अंक अशा नावांच्या फाइली. अंक चारच असल्याने ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. भर लग्नसराईत काही कार्यांतच हा फेरा पूर्ण होतो आणि मग दोन निराळ्या लग्नांतल्या फोटोंचे नाव एकच निघते. अशा फाइली हाताने एकाच फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘रिप्लेस’ दाबले, तर आधीचे लग्न गेले. म्हणून आयात करतानाच तारीख आणि कार्याचे नाव घालून फाइलींना नवी नावे द्यावीत. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

प्रत्येक फाइलीत ‘एक्झिफ’ या पद्धतीने फोटो काढल्याची वेळ, छिद्रमान, शटरचा वेग इत्यादी माहिती साठवलेली असते. वेळ अर्थातच कॅमेऱ्याच्या घड्याळाची. दोघा छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली नसली, तर वेळेनुसार लावलेल्या फोटोंत मंगलाष्टकांच्या आधीच सप्तपदी होऊन जाते. ही चूक लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून, त्यांची वेळ एकदम पुढे-मागे करून सुधारता येते.

अ‍ॅडोबीच्या लाइटरूममध्ये (२००७) आयात केल्यावर फोटो ‘कॅटलॉग’मध्ये जातात असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. कॅटलॉगमध्ये फक्त फाइल कुठे आहे आणि तिच्यावर काय संस्कार केले याची नोंद जाते. मूळ फाइल डिस्कवर आपल्या जागी राहते. कॅटलॉग हा सातबारा आहे, जमीन नव्हे. फोल्डर बाहेरून हलवले किंवा त्याचे नाव बदलले, की लाइटरूममध्ये त्याच्यावर प्रश्नचिन्ह उमटते. फोटो हरवलेला नसतो, पत्ता चुकलेला असतो. उलट, नुसत्या कॅटलॉगचा बॅकअप घेऊन निश्चिंत झालेल्याची डिस्क बिघडली, तर त्याच्या हाती संस्कारांची यादी उरते आणि ज्यांवर ते करायचे ते फोटो मात्र नसतात.

रॉ फाइलींची आयात आणखी एका कारणाने गोंधळात टाकते. रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेले लहानसे जेपेग चित्र असते. सॉफ्टवेअर आधी ते दाखवते, मग संवेदकाची मूळ माहिती स्वतःच्या पद्धतीने उलगडून चित्र बदलते. कॅमेऱ्यात कृष्णधवल निवडून काढलेला रॉ फोटो त्यामुळे अनेकदा डोळ्यांदेखत रंगीत होतो. फाइल खराब झालेली नसते. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरला मुळीच उलगडत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये आणलेल्या ‘डीएनजी’ स्वरूपात फाइल बदलून घेणे हा तिच्यावरचा एक उपाय.

लाइटरूम कार्डवरून फक्त प्रत करू देते, फाइल तिथून हलवू देत नाही. तारेने कॅमेरा जोडण्यापेक्षा कार्ड रीडर बरा : कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपण्याची भीती राहत नाही. कार्ड फॉरमॅट करायचे ते दुसऱ्या डिस्कवरही प्रत झाल्यावर, आणि कॅमेऱ्यातच.

आयातीची खिडकी नवशिक्यांना अवघड जाते म्हणून अ‍ॅडोबीने ऑक्टोबर २०१५ मध्ये लाइटरूम ६.२ मध्ये ती सोपी केली आणि अनेक सोयी काढून टाकल्या. जुने वापरकर्ते इतके खवळले की कंपनीने जाहीर माफी मागितली, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.३ या आवृत्तीत जुनी खिडकी परत आली.