एक जूनचे गडी

आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, 1 जूनला. आयांनी काही ठरवून बाळंतपणं केली नव्हती. शाळा तेव्हा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पहिलीला पोर सहा वर्षांचं लागायचं. गुरुजी म्हणायचे, डोक्यावरनं हात घेऊन पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहाचं झालं. सहा वर्षं मागची 1 जून रजिस्टरात पडायची. ही तारीख पुढं कुठं आडवी येईल, हे ना गुरुजींना ठाऊक होतं ना बापाला. मला ते पहिल्यांदा कळलं खो-खोच्या मैदानावर.

तोवर आमच्या कऱ्हाड भागात खेळाला कुणी वय विचारत नव्हतं. जत्रेत कुस्त्यांचा फड सुरू व्हायचा तो लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. वस्ताद दोन पोरं जवळ उभी करायचा, खांद्याला खांदा बघायचा, दंड चाचपायचा आणि जोड लावायचा. जोड विजोड वाटली तर भोवतीची माणसंच ओरडायची. अशाच मातीत जवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वाढले आणि 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. (त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तारीख पक्की असल्याचा हा एक फायदा.)

खो-खोचं वेगळं. खेळ आमच्यासारख्यांच्या मातीतला, पण त्याची नियमांची चौकट बसली ती पुण्यात, 1914 साली. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं. आमच्या गावापर्यंत ते नियम यायला शाळा यावी लागली. त्याआधी आम्ही खळ्यावर बाभळीचे दोन मेढे रोवून खेळायचो, येतील तेवढे गडी. शाळेनं फक्कीनं मैदान आखलं. आठ जणांनी बसायचं, नवव्यानं धावायचं, घड्याळ लावायचं. ते आम्हाला आवडलंही. तालुक्याची पायरी, मग जिल्ह्याची. सातारा बघायला मिळणार म्हणून आम्ही जीव तोडून पळालो.

आमच्यात खरा खेळाडू माझा चुलतभाऊ. मेढ्याला एका हातानं धरून असा गिरकी घ्यायचा की मारणारा पुढं निघून जायचा. तो बहात्तरच्या दुष्काळातला. चुलती सांगायची, "खडी फोडायच्या कामावर हुते मी. सुकडीच्या रांगेत उभी हुते, तवा ह्यो पोटात हुता." कामावरच बाळंत झाली, त्यामुळं गावच्या कोतवालाकडं नोंद नाही. जन्मनोंदणीचा कायदा 1969 सालीच झाला होता, पण तो खडीच्या ढिगापर्यंत पोचायचा होता. चुलती रोजगाराला जायची, घरी पोराला सांभाळायला कुणी नाही, म्हणून पाच वर्षांच्या आतच त्याला शाळेत आणून बसवला. मान तिरकी करून त्यानं कान धरला. गुरुजींनाही पट भरायचा होता. त्यांनी 1 जून 1971 लिहिली.

माझं उलटं. मी कोयनेच्या भूकंपानंतर तिसऱ्या वर्षीचा, म्हणजे 1970 चा. म्हशींमागं दोन वर्षं गेली आणि आठव्या वर्षी शाळेत आलो. सहाचाच म्हणून लिहिला गेलो. माझी तारीख पडली 1 जून 1972.

जिल्ह्याच्या सामन्यांना, 1983 च्या हिवाळ्यात, टेबलावर दाखले तपासायला बसले होते. शहरातल्या शाळेची पोरं कॅनव्हासच्या बुटात, प्रत्येकाचा नगरपालिकेचा जन्मदाखला फाइलीत. त्यांची काही लबाडी नव्हती, त्यांच्याकडं कागद होता एवढंच. आमच्याकडं हेडमास्तरांच्या सहीचा वयाचा तक्ता. लहान गटात चुलतभाऊ सहा महिन्यांनी मोठा भरला. गुरुजी म्हणाले, "साहेब, दुष्काळातलं पोर आहे. अंगाकडं बघा की त्याच्या!"

"अंगाकडं बघून कसं चालेल गुरुजी? कागद दाखवा."

अकरा वर्षांचंही नव्हतं पोर, सगळ्या संघात बुटकं. आणि मी, मिसरूड फुटायला आलेला, पाण्याची कळशी धरून शेजारी उभा. माझ्या नावापुढं खूण झाली. मला कुणी काही विचारलं नाही, मीही बोललो नाही. तसा नियम चुकीचा होता असं आजही म्हणणार नाही. वयाची अट नसती तर बारक्यांना मैदानात कुणी उतरवलंच नसतं.

परवा पुण्यात नातीचं नाव खो-खोच्या वर्गात घातलं. आठ वर्षांची आहे. फी, गुडघ्याचे पट्टे, मॅट. जन्मदाखल्याची प्रत मोबाइलवरूनच गेली. दवाखान्याच्या कागदावर तर मिनिटासकट वेळ आहे. तो कागद हातात धरला आणि साताऱ्याहून परतायची ती संध्याकाळ आठवली.

टेम्पोत तो कडेला बसला होता, सगळ्यांचे सदरे मांडीवर घेऊन. सामनाभर तेच सांभाळत बसला होता. आम्ही हरलो होतो. घरापाशी उतरलो तर चुलती चुलीपुढनं उठून दारात आली. "किती गडी मारलंस रं?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "दोन."

ते दोन मी मारले होते. मी हात-पाय धुवायला गेलो.