तेराव्या पगाराची दंतकथा

दिवाळी बोनसची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पूर्वी आठवड्याला पगार मिळे, वर्षाला बावन्न. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला आणि चार आठवड्यांचा महिना धरून कामगारांचे चार आठवडे बुडवले. त्यावर ओरड झाली आणि तेरावा पगार दिवाळीला मिळू लागला. गोष्ट गोड आहे, पण हिशेबात टिकत नाही. महिन्याचा पगार पुऱ्या महिन्याचा असतो, अठ्ठावीस दिवसांचा नव्हे. शिवाय मुंबईच्या गिरण्यांत पगार आधीपासूनच महिन्याचा होता, तोही महिना उलटून काही दिवस गेल्यावर हाती पडे. तोवर घर वाण्याच्या उधारीवर चाले. म्हणूनच १९३१ साली कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने पगाराची मुदत कमी करा, असे सुचवले.

माझ्या मते बोनसचे मूळ माणसे टिकवण्याच्या निकडीत आहे. १९१७ साली पहिल्या महायुद्धामुळे कापडाला सोन्याचा भाव आला आणि महागाईने कामगार हैराण झाला. मुंबईच्या मालकांनी पगारावर १० टक्के ‘वॉर बोनस’ दिला. पुढच्या वर्षी तो १५ टक्के झाला. त्याच सुमारास अहमदाबादेत प्लेगच्या भीतीने माणसे शहर सोडू लागली, तेव्हा मालकांनी विणकरांना थोपवायला पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत ‘प्लेग बोनस’ दिला. साथ ओसरताच तो काढून घेतला आणि त्यातूनच गांधीजींचा १९१८चा लढा उभा राहिला. मागावर हात टिकावा म्हणून दिलेला पैसा कामगारांनी पगारातच धरला होता, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

यावर आक्षेप असा, की दिवाळीला नोकरांना पोस्त देण्याची चाल जुनीच आहे, मग बोनस तिचाच वारस का नसावा? सण तिथूनच आला असणार. पैसा मात्र तिथून आला नाही. मुंबईत चार-पाच वर्षे मिळालेला महिन्याच्या पगाराएवढा बोनस नाकारला गेला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले ते जानेवारी १९२४ मध्ये, दिवाळी उलटून गेल्यावर. न्या. मॅक्लिऑड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा हक्कच नाही, असा निर्णय दिला. हक्क मिळायला १९६५चा कायदा यावा लागला. त्यातही किमान बोनस आधी ४ टक्केच होता, ८.३३ टक्के पुढे सत्तरच्या दशकात झाला. आणि ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, नेमका एक महिना! तेराव्या पगाराची गोष्ट या आकड्यानंतरच, त्याचे कारण सांगायला जन्मली असावी.