पेशी जन्मते कुठे, वसते कुठे : मेंदूच्या घडणीचा शोध

डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास आयआयटीच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने ‘धरणी’ हा मानवी गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतील मेंदूंचे ५१३२ छेद त्यात पेशीपातळीपर्यंतच्या बारकाव्यांनिशी टिपले आहेत. या बातमीमागे सव्वाशे वर्षांहून जुना प्रश्न आहे : चेतापेशी जिथे दिसते तिथेच जन्मते, की दुरून येते?

लाइपत्सिग येथील विल्हेल्म हिस यांनी १८८० च्या दशकात मानवी भ्रूणांचे छेद तपासून उत्तर दिले. मेंदूतील पोकळीलगत पेशी जन्मतात आणि बाहेर सरकतात. मात्र तेथील गोल, विभाजनशील पेशी आणि लांबट आधारपेशी ही दोन वेगळी कुळे आहेत, असे त्यांनी मानले. एकच पेशी विभाजनाच्या वेळी गोल होते, हे एफ. सी. सॉअर यांनी १९३५ मध्ये दाखवले.

खरी कलाटणी १९६१ ची. अँजेव्हिन आणि सिडमन यांनी गर्भार उंदरांना किरणोत्सारी ट्रिटियमयुक्त थायमिडीन टोचले. त्या वेळी विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी ते आपल्या डीएनएत सामावून घेते. त्यानंतर तिचे विभाजन थांबले, तर ती खूण तिच्यात ठळक उरते. पेशीची जन्मतारीखच जणू नोंदली गेली! निष्कर्ष अनपेक्षित होता. बाह्यकात आधी जन्मलेल्या पेशी खोल थरांत राहतात. मागून आलेल्या पेशी त्यांच्यामधून वाट काढत वरच्या थरांत जाऊन बसतात. ही वाट कोणती? पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडांच्या गर्भात दाखवले की, आतून पृष्ठभागापर्यंत ताणलेल्या आधारपेशींच्या तंतूंना बिलगून चेतापेशी वर चढतात. पुढे २००१ मध्ये उलगडले की या आधारपेशी स्वतःच चेतापेशींना जन्म देतात. लेक ज्या दोराला धरून चढते, तो दोर म्हणजे तिची आईच. हिस यांनी आखलेली कुळांची सीमारेषा येथे पुरती पुसली गेली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने २००८ मध्ये यापुढचा प्रश्न हाताळला : कोणत्या पेशीने बाह्यक व्हायचे, हे ठरवते कोण? उंदरांमध्ये एलएचएक्स२ हे जनुक ती ओळख देते, असे त्यांना आढळले. ज्या पेशींत ते नसते, त्या शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस होण्याचा इशारा देऊ लागतात.

पण माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. मानवी गर्भात पोकळीपासून दूर, बाहेरच्या पट्ट्यातही मातृपेशींचा मोठा साठा असल्याचे २०१० मध्ये स्पष्ट झाले. उंदरात त्या फारच थोड्या. शिवाय मानवी गर्भात किरणोत्सारी खुणा सोडता येत नाहीत. तिथे स्थिर छेद एकापुढे एक ठेवून प्रवासाचा माग काढता येतो. ‘धरणी’ने ते छेद सर्वांसाठी खुले केले आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थीही ते पडद्यावर उघडून पोकळीलगतच्या दाट गर्दीपासून पृष्ठभागापर्यंतचे थर पाहू शकतो.