१२ रुग्णांतलं एक मूल

आपण १९६७ पासून सुरुवात करू. अमेरिकेतले डॉक्टर ॲशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची हकीकत छापली. फुप्फुसात पाणी भरतंय, पण दोष हृदयाचा नाही. ऑक्सिजन देऊनही तो रक्तात पुरेसा उतरत नाही. लेखाच्या शीर्षकात 'प्रौढांमधला' असा शब्द होता, आणि १२ जणांत एक रुग्ण ११ वर्षांचा! पुढे आजाराच्या नावातही 'ॲडल्ट' बसला, तो १९९४ पर्यंत. मुलांसाठी स्वतंत्र व्याख्या यायला २०१५ उजाडलं. तिच्यात पल्स ऑक्सिमीटरचा आकडाही चालतो, कारण प्रत्येक मुलाच्या धमनीतून रक्त काढलं जात नाही.

पण एक्स-रे आणि ऑक्सिजन यांवरून फुप्फुसाचं काम किती बिघडलं, एवढंच कळतं. इजा कुठे झाली, हे शोधायला रक्तातल्या खुणांकडे वळावं लागलं. रक्तवाहिनीचं अस्तर दुखावलं की 'व्हॉन विलेब्रँड फॅक्टर' रक्तात वाढतो. तो सुरुवातीलाच वाढलेला असेल तर मृत्यूचा धोका जास्त, असं २००७ मध्ये मुलांवरच्याच अभ्यासात दिसलं. ही खूण एकटी निदान करत नाही, २०१५ च्या व्याख्येत ती नाहीही. पण इथे मोठ्यांचे आकडे मुलांना लावले नाहीत, मुलांचंच रक्त तपासलं. आपल्या दृष्टीनं या इतिहासातला खरा बदल तो आहे.